ग्रँड कॅन्यनच्या पाठीमागची पठारे

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील ग्रँड कॅन्यन पाहण्यासाठी दरवर्षी ४५ ते ५० लाख पर्यटक येतात. त्यांपैकी बहुतेक जण दक्षिण काठावर उतरतात, कठड्याशी उभे राहून खाली पाहतात, छायाचित्रे काढतात आणि काही तासांत परततात. दरीचे दृश्य भव्य आहे, यात शंका नाही. मात्र ज्या भूमीवर उभे राहून ही दरी पाहिली जाते, त्या भूमीकडे पाहणाऱ्याची पाठ असते. मोटारीच्या खिडकीतून मागे जाणारा सपाट, झुडपांनी भरलेला माळ म्हणजे दरीपर्यंत पोहोचण्यासाठी ओलांडावे लागणारे अंतर, एवढेच त्याचे स्थान उरते.

वस्तुतः ग्रँड कॅन्यन ही पठारात पडलेली घळई आहे. तिची लांबी ४४६ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर आणि खोली दीड किलोमीटरहून अधिक. कोलोरॅडो नदीने हे पात्र कोरले, ते आधी उंच उचलल्या गेलेल्या पठारातून. पठार नसते तर दरीही नसती. आजही दरीतील झऱ्यांचे पाणी, तिच्या कपारीत घरटी करणाऱ्या पक्ष्यांचे अन्न आणि तिच्या तळाशी राहणाऱ्या माणसांचे जीवन पठारावर अवलंबून आहे. राष्ट्रीय उद्यानाची सीमा आखताना मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या दरीला प्राधान्य मिळाले आणि सभोवतालच्या पठारांचा फार मोठा भाग बाहेर राहिला. गेल्या शंभर वर्षांतील अनेक वादांचे मूळ या सीमारेषेत आहे.

पठारांची ओळख

कोलोरॅडो पठार हा चार राज्यांत पसरलेला सुमारे ३ लाख ३७ हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश आहे. ग्रँड कॅन्यन त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात येते. दरीच्या उत्तरेस पश्चिमेकडून पूर्वेकडे क्रमाने शिवविट्स, युइन्कारेट, कनाब आणि कैबाब ही पठारे लागतात. भूकवचातील मोठ्या भ्रंशांमुळे आणि वळ्यांमुळे त्यांच्या उंचीत पायऱ्यांसारखा फरक पडला आहे. सर्वांत उंच कैबाब. त्याचा माथा २,८०० मीटरपर्यंत जातो. त्याच्या पूर्वेस हाउस रॉक व्हॅली हा खोलगट गवताळ प्रदेश आहे. दक्षिणेस कोकोनिनो पठार पसरले असून त्याच्या पश्चिमेला हुआलापाई पठार आहे.

यांतील बरीच नावे पायूट या मूळनिवासी जमातीच्या भाषेतून आली. कैबाब म्हणजे आडवा पडलेला डोंगर. युइन्कारेट म्हणजे पाइन वृक्षांचे ठिकाण. शिवविट्स हे नाव मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल, पण त्याचा शिवाशी काही संबंध नाही. ते पायूट लोकांच्याच एका गटाचे नाव आहे.

शिवाचे नाव तेथे आहे, पण ते दरीच्या आत. भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन यांनी १८८२ मध्ये या प्रदेशावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. दरीतून वर आलेल्या भव्य शिलाशिखरांना त्यांनी पौर्वात्य देवालयांची नावे दिली. विष्णू टेंपल आणि शिवा टेंपल ही त्यांपैकी दोन. पुढे इतरांनीही हाच प्रघात चालू ठेवला. दरीच्या तळाशी उघड्या पडलेल्या सुमारे १७५ कोटी वर्षांपूर्वीच्या रूपांतरित खडकांना भूशास्त्रात आज विष्णू शिस्ट, ब्रह्मा शिस्ट आणि रामा शिस्ट म्हणतात. डटन यांच्या ग्रंथाचे आणखी एक वैशिष्ट्य क्वचितच सांगितले जाते. ते वाचकाला थेट दरीच्या काठावर नेत नाहीत. आधी उत्तरेकडील तांबडे कडे, मग कनाबचे कोरडे माळ, त्यानंतर कैबाबची अरण्ये आणि फुलांची कुरणे असा लांबचा प्रवास घडवतात आणि मगच दरी दाखवतात. ग्रँड कॅन्यनच्या या आद्य अभ्यासकाला पठार वगळून दरी समजावून सांगता येत नव्हती.

उत्तर आणि दक्षिण काठांमधील हवाई अंतर सुमारे १६ किलोमीटर आहे, पण रस्त्याने एका काठावरून दुसऱ्या काठावर जायला सुमारे ३४५ किलोमीटरचा वळसा पडतो. दरीमुळे उर्वरित राज्यापासून तुटलेल्या उत्तरेकडील भागाला ‘ॲरिझोना स्ट्रिप’ म्हणतात. तेथे वस्ती अत्यंत विरळ आहे आणि काही पठारांवर आजही डांबरी रस्ता नाही.

पाणी कोठून येते

पठार आणि दरी यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते ते पाण्यात. कैबाब पठारावर हिवाळ्यात भरपूर बर्फ पडतो, तरीही तेथे वाहते ओढे फारसे आढळत नाहीत. पठाराचा माथा सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडकाचा आहे. या खडकात पाण्याने भेगा, विवरे आणि खळगे तयार केले आहेत. वितळलेले बर्फ त्यांतून खाली मुरते, आणखी खोल असलेल्या चुनखडकांच्या थरांतील भुयारी वाटांनी वाहते आणि दरीच्या भिंतीतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. संशोधकांनी पठारावरील खळग्यांत रंगद्रव्य टाकून ते कोणत्या झऱ्यात उतरते, याच्या चाचण्या घेतल्या आहेत. पठारावर टाकलेला रंग अनेक किलोमीटर लांबच्या झऱ्यांत उतरल्याचे त्यांत आढळले.

उत्तर काठाखाली हजार मीटरच्या आसपास खोलीवर रोअरिंग स्प्रिंग्ज हा मोठा झरा आहे. उद्यानाच्या दोन्ही काठांना पिण्याचे पाणी याच झऱ्यातून मिळत आले आहे. १९७० मध्ये पूर्ण झालेली सुमारे २० किलोमीटरची जलवाहिनी हे पाणी दरी ओलांडून दक्षिण काठाकडे आणते. ही जुनी वाहिनी वारंवार फुटते. २०२४ च्या ऑगस्टअखेर ती इतकी निकामी झाली की दक्षिण काठावरील हॉटेलांतील मुक्काम काही दिवस बंद ठेवावा लागला. दक्षिण काठावर नळ सोडणाऱ्या पर्यटकाला बहुधा ठाऊक नसते की ते पाणी पलीकडच्या पठारावर पडलेल्या बर्फाचे आहे.

दक्षिणेकडील कोकोनिनो पठाराचा उतार दरीपासून दूर आहे. त्यामुळे काठावर पडलेला पाऊस दरीत न जाता उलट दिशेने निघून जातो आणि दक्षिण भिंतीत झरे कमी व लहान आहेत. पण याच पठाराच्या पोटातील खोल जलधरातून पश्चिमेकडे हवासू हा मोठा प्रवाह बाहेर पडतो. त्याचे निळे-हिरवे धबधबे जगभर प्रसिद्ध आहेत. त्याच्या काठी सुपाई हे हवासुपाई जमातीचे गाव आहे. हवासुपाई या शब्दाचाच अर्थ निळ्या-हिरव्या पाण्याचे लोक. गावापर्यंत मोटार जात नाही. रस्ता संपतो तेथून सुमारे १३ किलोमीटर खाली उतरावे लागते आणि टपाल खेचरांवरून नेले जाते.

या लोकांना ‘दरीतले रहिवासी’ म्हणणे मात्र अर्धसत्य आहे. उन्हाळ्यात दरीत मका, भोपळे आणि घेवडा पिकवायचा आणि हिवाळ्यात पठारावर जाऊन शिकार करायची, पिन्यन पाइनच्या बिया गोळा करायच्या, सरपण मिळवायचे असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम होता. १८८२ मध्ये सरकारने त्यांच्यासाठी राखून ठेवलेली भूमी होती अवघी ५१८ एकर, तीही दरीच्या तळाशी. त्यांची शेते सरकारला दिसली. त्यांचे पठार दिसले नाही. १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर परिस्थिती आणखी बिकट झाली. दरीतील एका बागायती जागेतून शेवटच्या हवासुपाई रहिवाशालाही १९२८ मध्ये बाहेर पडावे लागले. अमेरिकी काँग्रेसने केलेल्या कायद्याने १९७५ मध्ये सुमारे १ लाख ८५ हजार एकर पठारी भूमी जमातीला परत मिळाली. ज्या जागेतून त्यांना काढले तिचे ‘इंडियन गार्डन’ हे नाव बदलून ‘हवासुपाई गार्डन्स’ करायला २०२२ साल उजाडावे लागले.

पठारावर जे घडते ते दरीत उतरते, याचा कटू अनुभवही सुपाईने घेतला आहे. २००८ च्या ऑगस्टमध्ये पठारावर झालेल्या मुसळधार पावसाने वरचा मातीचा एक बंधारा फुटला आणि पुराचे पाणी या गावाच्या परिसरात घुसले. ग्रामस्थांना आणि पर्यटकांना हेलिकॉप्टरने हलवावे लागले.

कैबाबची हरणे

कैबाब पठार हे चहूबाजूंनी खोल दऱ्या आणि रखरखीत सखल प्रदेश यांनी वेढलेले अरण्याचे बेटच आहे. खालच्या उतारांवर पिन्यन आणि ज्युनिपर, मध्यभागी उंच पाँडेरोसा पाइन आणि माथ्यावर स्प्रूस, फर व ॲस्पेन. या अरण्यात कैबाब खार राहते. तिचे शेपूट संपूर्ण पांढरे आणि पोट काळे असते. पलीकडे दक्षिण काठावरील तिच्या भावंडाचे पोट पांढरे आणि शेपूट वरून करडे असते. दोघींचा पूर्वज एकच; मध्ये दरी आली. ही खार पाँडेरोसाची फळे आणि कोवळी साल खाते, तसेच झाडांच्या मुळांशी वाढणारी भूमिगत कवके उकरून खाते आणि त्यांचे बीजाणू रानभर पसरवते. ती कवके मुळांना पाणी आणि क्षार शोषून घ्यायला मदत करतात.

बेटाच्या या कल्पनेने शास्त्रज्ञांनाही भुरळ घातली. शिवा टेंपल या शिखराचा माथा सपाट आहे. तो कैबाब पठाराचाच तुटून वेगळा पडलेला तुकडा होय. १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने तेथे मोहीम नेली. हजारो वर्षे एकाकी राहिलेले वेगळे प्राणी वर सापडतील, अशी वृत्तपत्रांनी हवा निर्माण केली होती. प्रत्यक्षात तसे काही आढळले नाही. उलट जुन्या काळच्या माणसांच्या दगडी हत्यारांच्या खुणा मिळाल्या आणि कोडॅक फिल्मचे एक रिकामे खोकेही! काठावर छायाचित्रांचा व्यवसाय करणारे एमरी कोल्ब मोहिमेच्या आधीच वर जाऊन आले होते.

कैबाबचे नाव वनव्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत गेले ते म्यूल जातीच्या हरणांमुळे. १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हे पठार शिकारीच्या प्राण्यांसाठी राखीव केले. त्या वेळी तेथे सुमारे ४ हजार हरणे असावीत, असा अंदाज होता. त्यांची शिकार बंद झाली आणि त्यांना खाणारे पर्वतीय सिंह, लांडगे व कोयोटी यांना मात्र सरकारी शिकाऱ्यांनी मोठ्या संख्येने मारले. हरणे झपाट्याने वाढली. १९२४ पर्यंत त्यांची संख्या ३० हजार ते १ लाख यांच्या दरम्यान असल्याचे वेगवेगळे अंदाज होते. पोहोचेल तेवढ्या उंचीपर्यंतचा प्रत्येक पाला त्यांनी ओरबाडला. पुढील हिवाळ्यांत हजारो हरणे उपासमारीने मेली.

या काळातील एक प्रसंग हास्यास्पद आणि करुण दोन्ही आहे. १९२४ च्या डिसेंबरमध्ये एका स्थानिक गुरेपालकाने हजारो हरणे हाकून दरीत उतरवण्याची, नदी पोहून पार करवण्याची आणि दक्षिण काठावर चढवण्याची योजना आखली. घोडेस्वार आले, घंटा आणि डबे वाजवणारे नवाहो हाकारे आले, हे दृश्य टिपायला कादंबरीकार झेन ग्रेही आले. हिमवादळ सुरू झाले आणि हरणे हाकाऱ्यांच्या रांगेतून उलट दिशेने निघून गेली. एकही हरीण दरीपार झाले नाही. पुढे सरकारने हरणे मारून संख्या कमी करायचे ठरवले, तेव्हा राज्याने त्याला हरकत घेतली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्या भूमीचे रक्षण करण्यासाठी हरणे मारण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, असा निर्णय १९२८ मध्ये लागला.

हिंस्र प्राणी संपवले की अरण्यच संपते, हा आल्डो लिओपोल्ड यांचा विचार कैबाबच्या उदाहरणाने जगभर गेला. १९७० मध्ये ग्रॅम कॉगली यांनी त्यावर आक्षेप घेतला. पठारावरून मेंढ्या आणि गुरे कमी झाल्यामुळेही हरणांना चारा मिळाला असेल आणि जुने आकडे विश्वासार्ह नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. २००६ मध्ये ॲस्पेन वृक्षांच्या वयाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या दशकांत उगवलेली झाडे फारच थोडी असल्याचे त्यात दिसले आणि लिओपोल्ड यांच्या मताला पुन्हा बळ मिळाले.

हरणांइतकाच परिणाम आगीच्या धोरणानेही केला. पाँडेरोसाच्या रानात पूर्वी काही वर्षांच्या अंतराने जमिनीलगतची सौम्य आग फिरत असे. ती पालापाचोळा आणि लहान रोपे जाळी, पण जाड सालीच्या जुन्या झाडांना धक्का लावत नसे. विसाव्या शतकात प्रत्येक आग विझवण्याचे धोरण आले. रान दाट झाले, इंधन साचले. ४ जुलै २०२५ रोजी उत्तर काठाजवळ वीज पडून आग लागली. सुरुवातीला ती मर्यादित क्षेत्रात जळू देण्याचा निर्णय झाला होता, पण आठवड्याभरात जोराच्या वाऱ्याने ती नियंत्रणाबाहेर गेली. ‘ड्रॅगन ब्राव्हो’ नावाने ओळखल्या गेलेल्या या आगीत सुमारे १ लाख ४५ हजार एकर क्षेत्र सापडले. काठावरचे ग्रँड कॅन्यन लॉज हे जुने विश्रामगृह आणि इतर अनेक इमारती भस्मसात झाल्या. बातम्यांत लॉजचा उल्लेख ठळकपणे आला. ज्या पठाराचे पाणी संपूर्ण उद्यान पिते, त्याचा जळालेला उतार पावसात किती माती खाली सोडील, हा प्रश्न तुलनेने मागे पडला.

खडकाच्या नळ्यांतील युरेनियम

पठारांवरील सर्वांत दीर्घ वाद युरेनियमचा आहे. खोलवरच्या चुनखडकात गुहा तयार झाल्या, त्यांची छते कोसळली आणि वरचे थर त्यांत ढासळत गेले. त्यातून फुटक्या खडकांनी भरलेल्या उभ्या नळ्या तयार झाल्या. अशा शेकडो नळ्या या पठारांच्या पोटात आहेत आणि त्यांतील काहींमध्ये युरेनियमचे समृद्ध खनिज साचले आहे. दक्षिण काठालगतच्या ऑर्फन खाणीतून १९५६ ते १९६९ या काळात युरेनियम काढले गेले. त्या खाणीचा परिसर उद्यानातच होता, हे आज अनेकांना अविश्वसनीय वाटते.

शेजारच्या नवाहो भूमीचा अनुभव याहून भीषण आहे. तेथे १९४४ ते १९८६ या काळात सुमारे ३ कोटी टन खनिज काढण्यात आले आणि ५०० हून अधिक खाणी तशाच टाकून दिल्या गेल्या. अनेक खाणकामगारांना फुप्फुसांचे विकार जडले. त्यामुळे या प्रदेशातील मूळनिवासी जमातींसाठी युरेनियमचा प्रश्न केवळ निसर्गसौंदर्याचा नाही.

२००७ च्या सुमारास युरेनियमचे भाव वाढले आणि दरीभोवतीच्या सरकारी जमिनींवर हजारो खाणहक्कांचे दावे नोंदवले गेले. २०१२ च्या जानेवारीत तत्कालीन अंतर्गत मंत्री केन सालाझार यांनी सुमारे १० लाख एकर क्षेत्रात नव्या खाणहक्कांना २० वर्षांसाठी बंदी घातली. तत्पूर्वी, २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी पश्चिमेकडील पठारांवर ग्रँड कॅन्यन-पराशांत आणि ईशान्येकडे व्हर्मिलियन क्लिफ्स ही दोन राष्ट्रीय स्मारके घोषित केली होती. येथे स्मारक याचा अर्थ वास्तू नव्हे, तर १९०६ च्या पुरावस्तू कायद्यान्वये संरक्षित केलेली भूमी. ८ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी तिसरे स्मारक घोषित केले. त्याचे नाव ‘बाज न्वावयो इताह कुकवेनी’. पहिल्या दोन शब्दांचा अर्थ हवासुपाई भाषेत ‘जेथे जमाती वावरतात’ आणि उरलेल्या दोहोंचा होपी भाषेत ‘आमच्या पूर्वजांची पावले’. क्षेत्र ९ लाख १७ हजार ६१८ एकर. दरीच्या दक्षिणेकडील एक आणि उत्तरेकडील दोन अशा तीन तुकड्यांत ते विभागलेले आहे. अनेक जमातींच्या संयुक्त मागणीतून ते घडले.

या निर्णयाला विरोधही झाला. ॲरिझोना स्ट्रिपमधील लोकप्रतिनिधींचे म्हणणे असे, की नळ्यांमधील खाणी आकाराने लहान असतात, पृष्ठभागाचे नुकसान मर्यादित असते, रोजगार मिळतो आणि देशाला अणुइंधनाची गरज आहे. राज्याच्या विधिमंडळातील नेत्यांनी २०२४ मध्ये दाखल केलेला दावा संघीय न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत फेटाळला. दावेदारांना तो लढवण्याचा कायदेशीर आधार नाही, असे कारण दिले. त्याच वर्षी अमेरिकेच्या न्याय खात्याने राष्ट्राध्यक्ष पूर्वीची स्मारके रद्दही करू शकतात, असे मत दिले. त्यामुळे घोषणेने प्रश्न कायमचा सुटला, असे मानता येत नाही.

शिवाय आधीपासून वैध असलेले खाणहक्क स्मारकातही चालू राहतात. दक्षिण काठापासून १६ किलोमीटरच्या आत, कैबाब राष्ट्रीय वनात पिन्यन प्लेन ही खाण आहे. तिला १९८६ मध्ये परवानगी मिळाली. हवासुपाई जमातीने न्यायालयात जाऊनही ती रोखता आली नाही. पण पुढे भाव पडल्याने काम थांबले. २०१६ मध्ये उभा बोगदा खोल नेताना भूजलाचा थर लागला आणि मोठ्या प्रमाणावर पाणी उपसावे लागले. २०२३ च्या अखेरीस तेथून प्रत्यक्ष खनिज काढण्यास प्रारंभ झाला. २०२४ च्या जुलैत खनिजाचे ट्रक नवाहो भूमीतून उटाहमधील गिरणीकडे निघाले, तेव्हा जमातीच्या प्रमुखांनी त्यांना रोखण्यासाठी पोलीस पाठवले. २०२५ च्या आरंभी सुरक्षिततेच्या अटींवर करार झाला आणि वाहतूक पुन्हा सुरू झाली.

पाण्याविषयीचा वाद तांत्रिक आहे, पण गाभा सोपा आहे. वरचा जलधर आणि हवासूला पाणी देणारा खोल जलधर यांच्यामध्ये अभेद्य खडक आहे, असे खाणीच्या समर्थकांचे म्हणणे. हा प्रदेश भेगा आणि भ्रंश यांनी भरलेला असल्याने पाण्याच्या वाटांची पुरेशी माहिती नाही, असे अनेक भूजलतज्ज्ञांचे मत. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या परिसरातील २०६ ठिकाणांच्या भूजलापैकी सुमारे ९५ टक्के ठिकाणी युरेनियमचे प्रमाण पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेत आढळले. हा निष्कर्ष दोन्ही बाजू आपापल्या परीने वापरतात: खाणीमुळे धोका नाही याचा पुरावा म्हणून, किंवा पाणी अद्याप शुद्ध आहे म्हणूनच जपले पाहिजे म्हणून. जमिनीखालचे पाणी दशकांच्या आणि शतकांच्या गतीने चालते. खाणीचे आयुष्य काही वर्षांचे असते. सुपाई गावाला पाण्याचा दुसरा उगम नाही. हे लक्षात घेता दुसऱ्या अर्थाकडे झुकणे अधिक शहाणपणाचे वाटते.

माळ समजून दुर्लक्षिलेले

युरेनियम नसते तरी पठारांना धोका होताच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुरांचे प्रचंड कळप आले आणि काही दशकांत गवताळ माळ उजाड झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर चराऊ जमीन वाढवण्यासाठी दोन बुलडोझरांमध्ये जहाजाच्या नांगराची साखळी बांधून पिन्यन-ज्युनिपरची राने उपटण्यात आली. पिन्यनचे झाड भरघोस बिया देऊ लागायला अनेक दशके घेते. ज्यांना ते झुडूप वाटले त्यांनी उपटले. ज्यांचे ते हिवाळ्याचे अन्न होते त्यांना कोणी विचारले नाही.

झाडांच्या मधली जमीनही मोकळी नाही. तिच्यावर सूक्ष्म जिवाणू, शैवाक आणि शेवाळे यांची काळपट, खडबडीत खपली असते. ती माती धरून ठेवते आणि हवेतील नायट्रोजन जमिनीत आणते. एका पावलाने ती मोडते आणि भरून यायला दशके लागू शकतात. फिकायझन नावाचे इवलेसे निवडुंग याच चुनखडी मातीत उगवते. कोरड्या दिवसांत ते आक्रसून मातीखाली जाते आणि पावसानंतर पुन्हा वर येते. २०१३ पासून ते संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. मोटारीने माळ तुडवणाऱ्याला आपण काय चिरडले हे कळणारही नाही.

कॅलिफोर्निया कॉण्डॉर या महाकाय गिधाडाची गोष्ट पठार आणि दरी यांना पुन्हा एकत्र आणते. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडून बंदिस्त प्रजननासाठी नेण्यात आला होता. १९९६ च्या डिसेंबरमध्ये व्हर्मिलियन क्लिफ्सवरून सहा पक्षी मोकळे सोडण्यात आले. आता ते दरीच्या गुहांत घरटी करतात, पण अन्न शोधतात पठारावर. शिकाऱ्यांनी मारलेल्या हरणांच्या अवशेषांतील शिशाचे कण त्यांच्या पोटात जाऊन ते मरतात. राज्याच्या वन्यजीव विभागाने २००५ पासून कैबाबवर शिकाऱ्यांना शिसेविरहित गोळ्या देण्याची योजना राबवली आणि बहुसंख्य शिकाऱ्यांनी स्वेच्छेने तिला प्रतिसाद दिला. बंदीपेक्षा समजावणे येथे अधिक उपयोगी पडले, ही नोंद घेण्यासारखी बाब आहे.

दक्षिण काठाकडे जाणाऱ्या राज्यमार्ग ६४ वरून जाताना उजव्या हाताला रेड ब्यूट ही एकटी टेकडी दिसते. बहुतेक पर्यटक तेथे थांबत नाहीत. सभोवतालच्या पठारापेक्षा ती सुमारे २७५ मीटर उंच आहे. एके काळी संपूर्ण पठारावर पसरलेले आणि नंतर झिजून गेलेले तांबडे थर तिच्यात शिल्लक आहेत, कारण सुमारे ९० लाख वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टच्या टोपीने त्यांना झाकून ठेवले. हवासुपाई लोक तिला पवित्र मानतात आणि २०२३ मधील स्मारकाची घोषणा तिच्याच पायथ्याशी झाली. माथ्यावर जाणारी पायवाट दोन किलोमीटरची आहे. वरून उत्तरेला पाहिले तर दरी जवळपास दिसत नाही. दिसते ते क्षितिजापर्यंतचे पठार, त्यापलीकडे कैबाबची गडद रेघ आणि जवळच झाडीत, काही किलोमीटरवर, पिन्यन प्लेन खाणीचा परिसर.